सिरपवाल्या शेठजींस अनावृत पत्र

रा. रा. सिरपवाले शेठ यांस,
कृ. सा. न. वि. वि.

पत्र उघड्यावर लिहितो आहे, त्याला कारण तुमचा पत्ता. तो टिकत नाही. कधी तो हिमाचलातल्या काला अंबचा असतो, मग सोनीपतचा होतो, मग नोएडाचा, आणि २०२५ च्या पावसाळ्यात तो कांचीपुरमचा निघाला. नावाचंही तेच. एका शेठजींवर खटला उभा राहतो न राहतो तोच दुसऱ्या गावात दुसरे शेठजी त्याच कामावर हजर. त्यामुळे कुणा एकाचं नाव घेत बसत नाही. आलेलं पिंप न तपासता ज्यांनी ज्यांनी औषधाच्या टाकीत ओतलं, त्या सर्वांना हे पत्र सारखंच लागू आहे. पिंप तपासून घेणाऱ्या कारखानदारांनी मनाला लावून घेऊ नये. त्यांची संख्या मोठी आहे आणि तुमच्यामुळे मान खाली घालायची वेळ सर्वांत आधी त्यांच्यावर येते.

प्रथम अभिनंदन. तुमच्या नावावर या देशात एक स्वतंत्र नियम जमा आहे, आणि असा मान फार थोड्या उद्योजकांना मिळतो.

माल जहाजावर चढण्याआधी तपासायचा, हा कायदा आपल्याकडे तसा जुनाच. निर्यात (गुणवत्ता नियंत्रण व तपासणी) अधिनियम, १९६३. त्याखाली दिल्लीत निर्यात तपासणी परिषद बसते आणि मुंबई, कोलकाता, कोची, चेन्नई, दिल्ली इथे तिच्या एजन्सी आहेत. कोळंबी, दूध पावडर, अंडी, मध असल्या मालाला त्यांचा दाखला लागतो. कोळंबी नासते, मधात साखरेचा पाक घालता येतो, हे सरकारला ठाऊक होतं. पण पोराला चमच्याने पाजायच्या खोकल्याच्या औषधासाठी बंदरावर वेगळा पहारा बसवावा लागेल, असं साठ वर्षांत कुणाच्या स्वप्नात आलं नव्हतं. औषध हे औषधच असणार, असा एक भाबडा समज होता. तो तुम्ही दूर केलात.

२२ मे २०२३. विदेश व्यापार महासंचालनालयाने, म्हणजे बाजारात ज्याला नुसतं डीजीएफटी म्हणतात त्याने, अधिसूचना काढली. १ जूनपासून खोकल्याचं सिरप परदेशी धाडायचं असेल तर त्या मालाचा नमुना ठरावीक प्रयोगशाळेत तपासायचा, तिथलं विश्लेषण प्रमाणपत्र दाखवायचं आणि मगच कंटेनर हलवायचा. प्रयोगशाळांची नावंही दिली: गाझियाबादचा औषधसंहिता आयोग, कोलकाता, चेन्नई, हैदराबाद, मुंबई, चंदीगड, गुवाहाटी, शिवाय राज्यांच्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळा. अधिसूचना निघून अंमल सुरू व्हायला फक्त दहा दिवस लागले. आमच्या गल्लीतल्या गटारावरचं झाकण बदलायला याहून जास्त वेळ लागतो. तुमच्या कामगिरीला सरकारने किती गांभीर्याने घेतलं ते यावरून ओळखा.

कामगिरी अर्थातच गांबियातली. पश्चिम आफ्रिकेत एका नदीच्या दोन्ही काठांनी पसरलेला हा चिंचोळा देश, लोकसंख्येने आपल्या छिंदवाडा जिल्ह्याहून फार मोठा नाही. (छिंदवाड्याचं नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.) २०२२ च्या पावसाळ्यात तिथल्या डॉक्टरांकडे तापाची, सर्दीची पोरं येऊ लागली. ताप उतरत होता, पण लघवी बंद होत होती. तुमच्या औषधाची खूण अशीच पटते, शेठ. आई सकाळी लंगोट बदलायला जाते आणि लंगोट कोरडा. दुपारी कोरडा. ती म्हणते, पाणी कमी प्यायला असेल. रात्री पोराचं अंग सुजतं आणि मग धावाधाव. मूत्रपिंडं बंद पडलेली असतात. ५ ऑक्टोबर २०२२ ला जागतिक आरोग्य संघटनेने चार सिरपांची नावं जगाला कळवली. तोवर ६६ पोरं गेली होती, आणि पुढे आकडा ७० च्या आसपास पोचला. चारही बाटल्यांवर हरयाणातला पत्ता होता.

यावरचा तुमचा बचाव मला मनापासून आवडला. कंपनीने सगळे आरोप नाकारले, ते ठीकच, तो रिवाज आहे. मजा राखीव नमुन्यांची. प्रत्येक बॅचच्या काही बाटल्या कारखान्यात बाजूला ठेवायच्या असतात. सरकारने त्या नेऊन तपासल्या आणि डिसेंबरात दिल्लीहून कळवण्यात आलं, की या अगदी नियमात आहेत, दोष नाही. गांबियात गेलेल्या बाटल्या परदेशी प्रयोगशाळांत तपासल्या, तर त्यांत डायएथिलीन ग्लायकॉल आणि एथिलीन ग्लायकॉल. म्हणजे घरी राहिलेली बाटली सोवळी आणि समुद्र ओलांडलेली बाटली बाटलेली. सिंधुबंदीचा नियम औषधालाही लागू असतो, हे आम्हाला तुमच्याकडूनच कळलं.

याच कंपनीच्या दोघा वरिष्ठांना सोनीपतच्या न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये अडीच वर्षांची शिक्षा सुनावली. गांबियासाठी नव्हे हो. व्हिएतनामला पाठवलेल्या निकृष्ट गोळ्यांसाठी, आणि त्या गोळ्या रवाना होऊन तेव्हा दहाएक वर्षं लोटली होती. गांबियाचा हिशेब याच वेगाने होणार असेल तर तुम्हाला निवांत म्हातारपण लाभणार.

उझबेकिस्तानात तर तुम्ही एक पायरी वर चढलात. तिथे आलेलं औषध तपासून घेण्याची सक्ती आधीपासून होती. माल विकणाऱ्या वितरकाने ही तपासणी टाळावी म्हणून अधिकाऱ्यांना ३३,००० डॉलर चारले, असं तिथल्या सरकारी वकिलांनी न्यायालयात सांगितलं. बाटल्या नोएडाच्या होत्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये ताश्कंदच्या न्यायालयाने २३ जणांना शिक्षा ठोठावल्या. सर्वांत मोठी वीस वर्षांची, ती वितरक कंपनीच्या भारतीय संचालकाला. न्यायालयासमोर आलेला मृत मुलांचा आकडा ६८. डॉलरला पोरं लावून दरडोई हिशेब मी करून पाहिला नाही. तुम्ही धंद्याची माणसं, तुम्ही केलाच असेल.

आता पिंपाविषयी बोलू. तुमचं सगळं कर्तृत्व तिथेच आहे, त्यामुळे इथे जरा थांबावं लागेल.

पॅरासिटामॉल पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून सिरपात प्रोपिलिन ग्लायकॉल किंवा ग्लिसरीन घालतात. रंग नाही, वास नाही, चव गोडसर, बोटांत धरलं तर बुळबुळीत. निळ्या प्लास्टिकच्या पिंपातून येतं, दोनशे-सव्वादोनशे किलोचं. पिंपावर एक कागद डकवलेला असतो: मालाचं नाव, बॅच, कुणी बनवलं, आणि औषधी दर्जाचं असेल तर ‘आयपी’ ही अक्षरं. त्याच रसायनाचा औद्योगिक दर्जाही मिळतो आणि तो स्वस्त असतो. रंगवाले घेतात, शाईवाले घेतात. डायएथिलीन ग्लायकॉल हा या रसायनाचा जवळचा नातलग. दिसायला तसाच, चवीला तितकाच गोड. ब्रेक फ्लुइडमध्ये, गाडीच्या रेडिएटरमध्ये जातो. गोदामात ही सगळी पिंपं एकमेकांना खेटून उभी असतात आणि त्यांच्यातला फरक वरच्या कागदापुरता असतो. मोठा व्यापारी मधल्याला विकतो, मधला पन्नास-पन्नास किलोच्या कॅनमध्ये भरून छोट्याला विकतो, आणि प्रत्येक हाताला कागद बदलायची सोय असते.

२००६ मध्ये पनामात हेच घडलं. चीनमधून निघालेली ४६ पिंपं स्पेनच्या दलालामार्फत पनामाला पोचली, कागदावर ग्लिसरीन. वाटेत प्रत्येक व्यापाऱ्याने जुन्या दाखल्यावरून नवा दाखला टंकून घेतला, मूळ कारखान्याचं नाव गळत गेलं, आणि तीन खंडांतल्या एकाही माणसाने झाकण उघडून आतला माल तपासला नाही. शंभरावर माणसं मेली. तुमची जात जुनी आहे, हे सांगायला हे उदाहरण. त्याहून जुनं हवं तर १९३७ ची अमेरिका आहे: टेनेसीतल्या कंपनीने सल्फाचं गोड औषध काढलं, ते कशात विरघळवलं ते तुम्हाला सांगायला नको, शंभरावर मेले. विक्रीआधी औषध सुरक्षित आहे का ते बघायची सक्ती तेव्हाच्या कायद्यात नव्हतीच, म्हणून मालकाला धरलं ते बाटलीवरच्या चुकीच्या नावासाठी. पुढच्याच वर्षी अमेरिकेने कायदा बदलला.

पिंपातलं विष ओळखायला फार मोठी विद्या लागत नाही. गॅस क्रोमॅटोग्राफी नावाचं यंत्र आहे, ते सांगतं. औषधसंहितेत मर्यादा लिहिलेली आहे: ०.१ टक्का. यंत्र परवडत नसेल तर बाहेरच्या प्रयोगशाळेत नमुना पाठवायचा, चार पैसे द्यायचे. तुम्ही मात्र विश्वासाने चालता. व्यापाऱ्याने कागद दिला, तुम्ही फायलीत लावला. औद्योगिक आणि औषधी दर्जाच्या भावात फरक किती ते तुम्हाला आमच्याहून चांगलं ठाऊक आहे. तो बाटलीवर वाटला तर पैशांतच मोजावा लागेल, रुपयांत नाही.

निर्यातीची सक्ती आल्यावर काय दिसलं, तेही ऐका. २०२३ च्या अखेरीला केंद्रीय औषध नियंत्रकांकडचे आकडे बाहेर आले: निर्यातीसाठी तपासलेल्या सिरपांच्या २,१०४ अहवालांपैकी १२८ नापास, पन्नासहून जास्त कंपन्यांचे. सगळ्यांत विष होतं असं नव्हे, नापास होण्याची कारणं वेगवेगळी असतात. पण विचार करा, हे लोक परीक्षा आहे हे माहीत असताना, अभ्यास करून आले होते, आणि तरी शंभरात सहा जण नापास. ज्यांची परीक्षाच होत नाही त्या मालाचं काय असेल, असा प्रश्न तेव्हा कुणालाही पडायला हवा होता. पडला नाही. नापास बाटल्या बंदरावर अडल्या, परदेशी पोरं वाचली, देशाची अब्रू वाचली, फाइल बंद.

कारण तुमच्या निमित्ताने केलेल्या नियमाला एक हद्द होती आणि ती समुद्राला लागून होती. अलीकडे काय, याची अधिसूचना निघाली नाही. अलीकडे नियम नाहीत असं मी म्हणणार नाही, भरपूर आहेत. कच्च्या मालाची प्रत्येक बॅच तपासलीच पाहिजे असं औषध नियमांत छापलेलं आहे. फक्त ती तपासायची कुणी? तुम्ही. आणि तपासली असं लिहून द्यायचं कुणी? तेही तुम्हीच. औषध निरीक्षक येतो तो माल दुकानात गेल्यावर. तो नमुना नेतो, अहवाल यथावकाश येतो, तोवर ती बॅच विकून, पिऊन, बाटल्या भंगारात जाऊन मोकळी झालेली असते. निर्यातीच्या बाटलीला सासरी निघालेल्या मुलीसारखं दहादा नीटनेटकं करून पाठवायचं आणि घरच्या बाटलीकडे ढुंकून बघायचं नाही, ही रीत तुम्हाला सरकारनेच घालून दिली. तुम्ही ती पाळलीत.

मध्य प्रदेशातलं छिंदवाडा. त्यातलं परासिया हे कोळसा खाणींचं गाव. २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात तिथली पोरं तापाने आजारी पडली, डॉक्टरांनी सिरप लिहून दिलं, आणि लंगोट कोरडे पडू लागले. तिथून मोठ्या दवाखान्याला जवळचं शहर म्हणजे आमचं नागपूर. गाडी करून, शेतावर पैसे उचलून, माणसं पोरांना घेऊन नागपूरला आली. डायलिसिस सुरू झालं. किडनीच्या बायोप्सीतून विषाची शंका बळावली. वीसहून जास्त पोरं गेली, त्यातली कितीतरी नागपुरातच.

बाटली कांचीपुरमच्या कारखान्यातली. बॅच एसआर-१३, उत्पादन मे २०२५, मुदत एप्रिल २०२७. मुदत छापायला तुम्ही विसरला नव्हता, हे नमूद करतो. तामिळनाडूच्या सरकारी प्रयोगशाळेत डायएथिलीन ग्लायकॉलचं प्रमाण निघालं ४८.६ टक्के. मर्यादा ०.१. याला भेसळ म्हणता येत नाही, शेठ. एवढ्या प्रमाणात खरं तर औषधाचीच भेसळ विषात झालेली असते. तपासायला गेलेल्या पथकाने कारखान्यात साडेतीनशेहून अधिक त्रुटी मोजल्या. मोजणाऱ्यांच्या चिकाटीचं कौतुक वाटतं. याआधीच्या वर्षांत त्यातल्या शंभरेक कुणाला दिसल्या असत्या तर त्यांचं काम हलकं झालं असतं. पहिली अटक झाली ती औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरांना, तुमची पाळी नंतर आली. यात अन्याय झाला असं तुम्हाला वाटत असेल तर मी सहमत आहे.

या सगळ्यात मला सर्वांत बोलकं वाटलं ते एक साधं सरकारी उत्तर. जागतिक आरोग्य संघटनेने भारताला विचारलं, हे सिरप कुठल्या देशात गेलं आहे का? औषध नियंत्रकांनी कळवलं: नाही, निर्यात झालेलं नाही. उत्तर खरं होतं. ते देताना कुणालातरी हायसं वाटलं असणार, हेही खरं. परदेशात एकही बाटली गेलेली नाही, जे काही झालं ते घरातल्या घरात.

तुम्ही म्हणाल, छोटा उद्योग आहे, एवढे नियम कसे पाळायचे? मग आमच्या निफाडच्या द्राक्षवाल्याला भेटा. २०१० साली युरोपने भारतातली द्राक्षं अडवली, क्लोरमेक्वाट नावाच्या संजीवकाचा अंश सापडला म्हणून. आमच्याकडे त्याला लिहोसिन म्हणतात, वेलीची वाढ रोखायला मारतात. त्याने कुणी मेलं नाही, एखादं पोर आजारीसुद्धा पडल्याचं ऐकिवात नाही, पण कंटेनर अडले आणि शेतकरी कर्जात गेला. त्यानंतर तो शिकला. आज युरोपला जाणाऱ्या द्राक्षाच्या पेटीवरून ती कुठल्या प्लॉटची, कुणाच्या बागेतली, नमुना कुठे तपासला, हे ग्रेपनेट या नोंदप्रणालीवर मागे मागे जाऊन सापडतं. पंचायतीचा दाखला काढायला चार चकरा मारणारा माणूस हे करतो. आणि चार मजली कारखाना, वातानुकूलित कचेरी, ‘गुणवत्ता हेच आमचं ध्येय’ असा फलक भिंतीवर, अशा तुम्हाला एका पिंपाच्या मागे दोन हात जाता येत नाही?

आंब्याचं तर विचारूच नका. मे २०२५ मध्ये नवी मुंबईत विकिरण करून विमानाने अमेरिकेला गेलेल्या आंब्याच्या पंधरा खेपा तिथल्या विमानतळांवर अडकल्या. आंबा उत्तम होता. विकिरणाच्या नोंदीचा एक फॉर्म नीट भरला गेला नव्हता. परत आणायचा खर्च मालापेक्षा जास्त, म्हणून तो आंबा तिथेच नष्ट केला. कागद चुकला म्हणून निरोगी आंबा मेला आणि कागद बरोबर म्हणून तुमची बाटली छिंदवाड्याच्या दुकानात पोचली, तीही त्याच वर्षी.

मुंबईकर म्हणून तुम्हाला एक जुनी आठवण करून देणं माझं कर्तव्य आहे. १९८६ च्या सुरुवातीला जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिलेले रुग्ण दगावले. मेंदूवरचा, डोळ्यातला दाब कमी करायला ते ग्लिसरीन पाजत असत. चौदा माणसं गेली. ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल होतं. तेव्हाही पिंपाचा प्रवास हाच: औद्योगिक माल, मधले हात, कागदावर औषधी दर्जा, खरेदीच्या टेबलावर डोळे मिटलेले. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांचा आयोग बसला. त्यांनी पुरवठादारापासून औषध प्रशासनापर्यंत आणि तिथून मंत्रालयापर्यंत सगळ्यांना उभं-आडवं विचारलं आणि अहवालात कुणाचीच भीड ठेवली नाही. आरोग्यमंत्र्यांना पायउतार व्हावं लागलं. म्हणजे पिंप तपासल्याशिवाय ओतू नये, ही गोष्ट या राज्यात चाळीस वर्षांपूर्वी एका न्यायमूर्तींनी चौदा मृत्यूंच्या साक्षीने लिहून ठेवली आहे. तुमच्या वाचनात आली नसेल. अहवाल जाड आहे आणि त्यात निर्यातीचा उल्लेख नाही.

आता गांबियाने काय केलं ते सांगतो, कारण त्यावरून मला एक युक्ती सुचली आहे. १ जुलै २०२३ पासून त्या देशाने भारतातून येणाऱ्या प्रत्येक औषधाची भारतातच, जहाजावर चढण्याआधी, तपासणी सक्तीची केली. आमच्या सरकारच्या प्रमाणपत्रावर विसंबून न राहता मुंबईतल्या एका खासगी तपासणी कंपनीला त्यांनी हे काम नेमून दिलं. ती कंपनी कागद बघते, माल बघते, नमुना तपासते आणि दाखला देते, तेव्हा कुठे बाटली निघते. आपल्या पोरांसाठी मुंबईत पहारेकरी बसवायची ऐपत त्या चिंचोळ्या देशाला झाली. तेवढ्याच वस्तीच्या छिंदवाड्याला ती कशी असणार? ते बिचारं भारतात आहे.

म्हणून माझी डीजीएफटीला विनंती आहे, आणि तिला तुमचं अनुमोदन मिळावं. परासिया हे गाव परदेश म्हणून अधिसूचित करावं. एक ओळीची दुरुस्ती आहे, दहा दिवसांत होते हे आपण पाहिलंच. मग कांचीपुरमहून तिकडे जाणारा प्रत्येक ट्रक निर्यात ठरेल, त्याला शिपिंग बिल लागेल, प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र लागेल, आणि न तपासलेली बाटली गावच्या वेशीवर कस्टम्सवाले धरतील. पहिल्या टप्प्यात परासिया, दुसऱ्यात जम्मूकडचं रामनगर, तिथेही २०१९-२० च्या हिवाळ्यात बारा पोरं अशीच गेली होती. मग हळूहळू गडचिरोली, नंदुरबार, मेळघाट. हे भाग तसेही दिल्लीहून परदेशाइतकेच लांब आहेत, फार फरक पडायचा नाही. शेवटी सगळा देशच परदेश झाला की काम संपलं. तोवर आमच्याकडच्या आयांनी दुकानात औषध घेताना एवढंच विचारावं: ‘हे एक्स्पोर्टचं आहे का हो?’ वाशीच्या मार्केटात हापूस घेताना आपण विचारतोच की.

एवढंच. घरच्यांना नमस्कार सांगा. तुमच्या नातवंडांना कुठल्या कंपनीचं सिरप देता तेवढं कळवाल तर आमच्याही उपयोगी पडेल.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक देशांतर्गत ग्राहक

ता. क. : औषध कारखान्यांसाठीचं सुधारित शेड्यूल एम, म्हणजे कारखाना कसा असावा याची नियमावली, २०२३ च्या अखेरीला आली. अडीचशे कोटींच्या आतल्या उलाढालीच्या कारखान्यांना आधी वर्षभराची सवड, मग अर्ज करतील त्यांना ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत मुदतवाढ. परासियाची पोरं त्या मुदतवाढीच्या काळातच गेली. पुन्हा कधी मुदत मागायला दिल्लीला जाणार असाल तर अर्जासोबत तुमची एक बाटली न्या आणि साहेबांसमोर दोन चमचे घेऊन दाखवा. कारखान्यातल्या राखीव नमुन्यातली नको. छिंदवाड्याच्या एखाद्या दुकानातून मागवून घ्या.